वेताळाची पालखी: घरच्या टेबलावरच्या वॉरगेमसाठी सोपे नियम कसे असावेत?

कसबेकर

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रं एकदा खोक्यात गेली की वर्षभर माळ्यावर पडून राहतात. मावळे, घोडेस्वार, तोफा, भाजीवाली, विहिरीवरची बाई, वाघ, सगळा खजिना. तो वापरून बाराही महिने खेळता येईल असा एक फँटसी वॉरगेम मी बांधतोय. नाव 'वेताळाची पालखी'. अमावास्येची रात्र, वेताळ आपली भुतावळ घेऊन गावावर चालून आलाय आणि गावकऱ्यांना पहाटेपर्यंत तग धरायचाय. गावकरी म्हणून किल्ल्यावरची चित्रं, आणि भुतं पोरांनी कागदावर रंगवून पुठ्ठ्याला चिकटवलेली.

ज्यांनी वॉरगेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यात पटावर घरं आखलेली नसतात. टेबलावर झाडं, टेकड्या, भिंती मांडायच्या, पट्टीने अंतर मोजत तुकड्या हलवायच्या आणि टक्कर झाली की फासे टाकायचे. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे १९८३ साली ब्रिटनमध्ये आलेला 'वॉरहॅमर'. त्याची सोंगटी-सोंगटी रंगवण्यात लोक वर्षं घालवतात आणि मला त्या कलेबद्दल फार आदर आहे. पण त्या पद्धतीचा मार पोरांना समजावायला बसलं की अडतं. आधी वार लागला का ते बघायचं, मग जखम झाली का ते, मग चिलखताने वाचवलं का ते. समजा वीस फासे टाकले आणि प्रत्येक पायरीला ४ किंवा जास्त हवेत. वीसाचे दहा होतात, दहाचे पाच, पाचातून दोन-तीन मरतात. तीनदा फासे गोळा करून टाकले, आणि त्या सगळ्या वेळात दोघांपैकी एकालाही काही ठरवावं लागलं नाही.

माझी कसोटी तिथूनच आली. नियम ठेवायचा की काढायचा हे एकाच प्रश्नावर ठरवतोय: या नियमामुळे खेळणाऱ्याला काही निवडावं लागतं का? लागत नसेल तर तो नियम कितीही खराखुरा वाटला तरी बाहेर.

आत्तापर्यंतचा ढाचा असा:

प्रत्येकाच्या आठ तुकड्या. तुकडीला दोनच आकडे, धैर्य आणि बळ. ते पुठ्ठ्याच्या तळाच्या मागच्या कडेवर लिहायचे. तळासाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम, दोन थर चिकटवले की वाकत नाही.

तुकडी हलवायची तर एक, दोन किंवा तीन फासे उचलायचे. किती उचलायचे ते तुम्ही ठरवा. धैर्याइतका किंवा जास्त आकडा आला की त्या फाशाला एक कृती. पण एका वेळी दोन फासे पडले, म्हणजे धैर्यापेक्षा कमी आले, तर पाळी तिथेच समोरच्याकडे जाते. धैर्याचा आकडा कमी तितकं चांगलं: साधे गावकरी ४, कसलेले भालाईत ३. एकच फासा टाकला तर पाळी कधीच जात नाही, पण कृतीही फार तर एक.

अंतरासाठी कंपासपेटीतली १५ सेंटीमीटरची पट्टी. एक कृती म्हणजे एक पट्टी चाल. झाडीत अर्धी पट्टी. गोफण दोन पट्ट्या लांब मारते. 'किती सेंटीमीटर?' हा प्रश्नच येत नाही.

टक्कर झाली की दोघांनी एकेक फासा टाकायचा, त्यात आपलं बळ मिळवायचं. ज्याची बेरीज कमी तो अर्धी पट्टी मागे ढकलला जातो. बेरीज समोरच्याच्या दुप्पट झाली तर हरणारा गारद. मागे सरायला जागा नसली तरीही गारद. बरोबरी झाली तर दोघे जागच्या जागी. गोफणीच्या माऱ्यालाही हाच हिशोब, फक्त मारणाऱ्याला काही होत नाही.

श्रेय द्यायलाच हवं. फासे किती उचलायचे हा डाव आंद्रेया स्फिलिगोई यांच्या 'साँग ऑफ ब्लेड्स अँड हिरोज' (२००७) मधला आहे. ढकलणं आणि दुप्पट झाल्यावर मारणं हे १९९१ च्या 'होर्ड्स ऑफ द थिंग्ज'मधून शिकलो. दोन्ही खेळांत वार, जखम, चिलखत हे सगळं एका टकरीत बसवलंय.

भुतांना प्रत्येकी एकच खोड. चकवा: एका पट्टीच्या आतल्या शत्रूची चाल तो ठरवतो. मुंजा: एका झाडाजवळून दुसऱ्या झाडाजवळ एका कृतीत. गिऱ्हा: पाण्यात असताना बळ २ ने जास्त. हडळ: हिला मागून गाठता येत नाही, पाय उलटे. खवीस: खोड काही नाही, नुसतं बळ ५.

मला मत हवंय ते यावर: माणसं फारच कमी मरतात का? आणि खेळ संपवायचा कसा?

गणितगौरी

पहिल्यांदा धाग्याबद्दल आभार, वाचनखूण साठवली आहे.

आकडे मांडून बघितले. बळ ३ विरुद्ध बळ २, साधी समोरासमोरची टक्कर. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी २१ वेळा बळ ३ जिंकतो, ५ वेळा बरोबरी, १० वेळा बळ २ जिंकतो. मृत्यू मात्र यातल्या सातच वेळा: सहादा दुबळा गारद, एकदा बलवान. म्हणजे पाच टकरींत साधारण एक.

वरवर कमी वाटतं, पण तुमच्या 'मागे जागा नसली तरी गारद' या ओळीत खरा जीव आहे. त्याला जोडून एक सुचवते. दुबळ्याच्या कुशीला तुमची दुसरी तुकडी चिकटलेली असेल तर त्याचं बळ १ ने कमी करा. मग हिशोब ३ विरुद्ध १ होतो आणि गारद होण्याच्या शक्यता ३६ पैकी ६ वरून थेट १२ होतात. दुप्पट! शिवाय उलट मार बसायचा धोका शून्य. एका छोट्या ओळीने वेढा घालणं किती मोलाचं झालं बघा. मुलं हे दुसऱ्या डावात आपोआप शिकतील.

धैर्याचे आकडेही सांगते. धैर्य ४ असताना तीन फासे उचलले तर निम्म्या वेळा पाळी जाते, दोन उचलले तर पाव वेळा. धैर्य ३ ला तेच प्रमाण साधारण २६ टक्के आणि ११ टक्के. म्हणजे साध्या गावकऱ्याने तीन फासे उचलणं हा जुगार आहे आणि भालाइताने उचलणं हे धाडस. दोन तुकड्यांचा स्वभाव एकाच आकड्याने वेगळा झाला, हे मला फार आवडलं.

इतिहासवेल्हाळ

सोपेपणाचा हा वाद दोनशे वर्षं जुना आहे. प्रशियात १८२४ साली राइसवित्झ नावाच्या लेफ्टनंटने आपल्या वडिलांच्या खेळावरून 'क्रीगश्पील' तयार केलं. नकाशा, तुकड्यांचे ठोकळे, फासे आणि मध्ये पंच. सैन्याच्या अधिकाऱ्यांना युद्धाचा सराव व्हावा म्हणून. पुढे नियम आणि कोष्टकं इतकी जड वाटायला लागली की १८७६ मध्ये फेर्डी द्यू फेर्नुआ या अधिकाऱ्याने बहुतेक कोष्टकं बाजूला ठेवून निर्णय अनुभवी पंचावर सोपवावेत असा पुरस्कार केला.

दुसरं टोक म्हणजे एच. जी. वेल्स यांचं १९१३ चं 'लिटल वॉर्स'. त्यात तोफेचा मार फाशांवर नव्हता. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून खरोखरच छोटी दांडी उडवायची, जो शिपाई पडला तो मेला. आणि प्रत्येक चालीला घड्याळ लावायचं. कसबेकर, किल्ल्यावर तोफा आहेतच तर एखाद्या डावात रबरबँडने कागदाची गोळी मारून बघा. मातीच्या मावळ्यांवर नको, पुठ्ठ्याच्या भुतांवर.

फँटसी यात रुजली ती १९७१ च्या 'चेनमेल'मुळे. मध्ययुगीन लढायांच्या नियमांना शेवटी ड्रॅगन आणि जादूगारांची पुरवणी जोडली होती, त्यातूनच १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' उभं राहिलं.

वेंगुर्लेकर

खेळ छान आहे, पण एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, राग नसावा.

आमच्याकडे वेताळ हा भुतांचा म्होरक्या म्हणून गावावर चालून येणारा नाही. आरवलीचा श्री देव वेतोबा आमचा राखणदार. त्याला केळ्यांचा घड आणि मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. गोव्यातही पैंगीणला बेताळाचं देऊळ आहे. तेव्हा वेताळाला एका बाजूला बसवून त्याला 'हरवायचा' खेळ माझ्या पोरांसमोर मला मांडता येणार नाही. भुतं हरवा, खुशाल. वेताळाला मध्ये घेऊ नका.

कसबेकर

वेंगुर्लेकर, राग कसला! तुम्ही लिहिलंत म्हणून खेळाला जे हवं होतं ते सापडलं.

वेताळ कुणाच्याच बाजूला नाही. पालखी स्वतंत्र. ती टेबलाच्या एका कोपऱ्यातून निघते. दोघांची एकेक पाळी झाली की एक फेरी. फेरी संपली की दोघांनी एकेक फासा टाकायचा. ज्याचा मोठा, त्याने पालखीचं तोंड हवं तिकडे वळवायचं, मग पालखी सरळ एक पट्टी जाते. वाटेत जो येईल, गावकरी असो की भूत, त्याने एक पट्टी बाजूला व्हायचं. जागा नसेल तर तो टेबलाबाहेर. बरोबरी झाली तर पालखी जागेवर थांबते. पालखीवर हल्ला करता येत नाही.

काल रात्री हे मांडून बघितलं. खवीस पारावर जाऊन बसला होता, तिथून तो हलेना. पुतण्याने फासा जिंकून पालखी त्याच्या अंगावर वळवली. मागे विहीर, बाजूला मुंजा आणि झाड, खवीसाला सरकायला जागाच नव्हती. बळ ५ चं भूत एका वळणात टेबलाबाहेर! त्यानंतर दोघेही प्रत्येक चाल करताना आधी पालखीकडे बघायला लागले.

गौरी, कुशीचा नियम घेतला.

थेम्सकाठी

इथल्या क्लबात दर आठवड्याला खेळते, म्हणून दोन गोष्टी.

एक म्हणजे जीवमोजणी आणू नका. कुणीतरी नक्की सुचवेल की खवीसाला पाच जीव द्या, प्रत्येक माराला एक कमी करा. मग प्रत्येक तुकडीशेजारी खुणेच्या चकत्या ठेवाव्या लागतात, चाल करताना त्या मागे राहतात आणि 'हा मार कुणाचा होता' यावर वाद होतो. ढकलण्यात हे सगळं आहे. मागे सरलेली तुकडी टेबलावर डोळ्यांना दिसते, तीच तिची जखम.

दुसरं, हिंमत खचण्याचा नियम हवा. आठातल्या सात तुकड्या जाईपर्यंत झुंजत राहणं कंटाळवाणं होतं, हरणाऱ्यासाठी तर फारच. बहुतेक खेळांत यासाठी वेगळं कोष्टक असतं. तुमच्याकडे मात्र पाळी जाण्याचा नियम आधीच आहे, तोच वापरा: ज्याच्या निम्म्या तुकड्या गेल्या, त्याची पाळी दोनऐवजी एकच फासा पडला की जाते. नवीन काही शिकायला नको आणि फौज विस्कळीत झाल्याचं लगेच जाणवतं.

रानफूल

मला जीवमोजणी आवडते हो. मोठ्या राक्षसाला हळूहळू घायाळ करण्यात जी मजा आहे ती एका फाशात गारद करण्यात नाही. पाच-सहा फेऱ्या झुंजून शेवटचा घाव घालतो तेव्हा टेबलाभोवती सगळे उभे राहतात.

थेम्सकाठी

रानफूल, ती मजा मलाही ठाऊक आहे. पण ती एका टेबलावर एकच राक्षस असतो तेव्हा. तसा डाव करायचा तर फक्त त्या एकाला जीव द्या आणि बाकी सगळ्यांना नको. सोळा तुकड्यांना दिलेत तर राक्षसाचं वेगळेपणच संपेल.

कसबेकर

दोघींचं पटलं. 'ब्रह्मराक्षसाचा डाव' म्हणून वेगळं पान करतो, त्यात त्या एकालाच तीन जीव. हिंमतीचा नियम मूळ पानावर जातोय.

दोनपोरांचीआई

आमच्याकडे हे काल-परवा खेळून झालं. मोठा नऊ वर्षांचा, धाकटी सात. सांगायला आनंद वाटतो की नियम वाचून दाखवल्यावर पाच मिनिटांत सुरू झाले. पट्टी तर हातात घेऊनच बसले होते.

अडचण एकच. धाकटीने हडळ स्वतः रंगवली होती, हिरवी नऊवारी, मोकळे केस, उलटे पाय. ती तिसऱ्याच टकरीला गारद झाली आणि पोरीचं खेळातलं मन उडालं. ज्या गोष्टीवर तासभर रंगकाम केलं ती टेबलावर दहा मिनिटं राहिली. भुतं तशीही मेलेलीच असतात ना? ती परत का नाही येऊ शकत? तिनेच विचारलं, मी फक्त लिहितेय.

कसबेकर

तुमच्या लेकीला माझ्याकडून मनापासून शाबासकी द्या. तिने दोन बाजूंमधला फरक शोधून दिला.

नवा नियम: गारद झालेलं भूत स्मशानात जातं, म्हणजे भुतांच्या बाजूच्या कडेला. कुठल्याही भुताने आपली एक कृती खर्च केली की स्मशानातलं एक भूत त्या कडेवरून परत येतं. गावकरी गेला की गेला. पालखीने बाहेर काढलेलं भूतही गेलं.

याचा परिणाम बघा. भुतांना माणसं मारायची घाई नाही, पण वेळ कमी आहे. गावकऱ्यांना वेळ आपल्या बाजूने आहे, पण माणसं मोजकी. पुढे जायचं की स्मशानातून सोबती उठवायचा हे भुतांना दर पाळीला ठरवावं लागतं. हिंमतीचा नियम आता फक्त गावकऱ्यांना, भुतांना पहाटेची भीती पुरेशी आहे.

शेवटाबद्दल: गावात तीन ठिकाणं, वेस, पार आणि विहीर. कोंबडा आरवला तेव्हा ज्याची तुकडी ठिकाणाच्या अर्ध्या पट्टीत आहे आणि शत्रू नाही, ते ठिकाण त्याचं. जास्त ठिकाणं त्याचा विजय. कोंबडा नक्की कधी आरवणार ते कुणालाच माहीत नसावं. सहाव्या फेरीनंतर फासा टाकायचा, ५ किंवा ६ आला तर पहाट. सातवीनंतर ३ किंवा जास्त आला तर पहाट. आठवीनंतर नक्की.

गणितगौरी

म्हणजे तीनातला एक डाव सहाव्या फेरीला संपेल, नवातले चार सातव्या आणि नवातले दोन आठव्या. छान पसरलंय. शेवटच्या फेरीला धावत जाऊन विहीर बळकवायची सवय लागणार नाही, कारण शेवटची फेरी कुठली ते आठवीपर्यंत कळतच नाही.

दोन्ही बाजू समान आहेत का, हे मात्र कागदावर सुटणार नाही. एका बाजूची भुतं परत येतात, दुसऱ्या बाजूला वेळ आहे, याची बेरीज कशी करणार? गुण ठरवत बसण्यापेक्षा भावंडांमध्ये खाऊ वाटतात तसं करा. एकाने गाव मांडायचं आणि दोन्ही फौजा निवडायच्या, दुसऱ्याने आधी बाजू उचलायची. मांडणारा आपोआप न्यायाने मांडतो.

इतिहासवेल्हाळ

गौरींच्या या सूचनेला +१. गुणांच्या याद्या हेच बहुतेक खेळांचं दुखणं. नवी तुकडी आली की जुन्या सगळ्यांचे गुण परत तपासावे लागतात.

तपासणीसाठी एक आग्रहाची विनंती. छापील पान एखाद्या अशा घरी द्या जिथे कुणी हा धागा वाचलेला नाही. तुम्ही तिथे बसा, पण बोलू नका. त्यांनी नियम चुकीचा लावला तरी गप्प. त्यांचा हात कुठे थांबतो आणि ते पान कुठे उलटतात तेवढं लिहून घ्या. आपल्याला जे उघड वाटतं तेच पानावर लिहायचं राहून जातं. उदाहरणार्थ, पट्टी तुकडीच्या पुढच्या कडेपासून मोजायची की मागच्या, हे वर कुठेही आलेलं नाही.

कसबेकर

पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत. पानावर घालतो, आणि सोबत चित्रही. नाहीतर तुकडीच्या जाडीइतकी जास्तीची चाल मिळते आणि मोठ्या तळाची तुकडी उगाच वेगवान होते.

रानफूल

मांत्रिक कुठे आहे? गावात भगत नसेल तर मी खेळणार नाही! मंत्रांची यादी करा ना, दहा-बारा तरी.

कसबेकर

भगत आहे, पण यादी नाही. बारा मंत्र म्हणजे बारा वेळा पान उलटणं, आणि त्यातले नऊ कुणी वापरत नाही. भगताचं धैर्य ३, बळ १. त्याचे जितके फासे यशस्वी होतील तितक्या पट्ट्यांच्या आतलं एक भूत तो एक पट्टी मागे ढकलतो. तीन फासे उचलून लांबचा खवीस हटवायचा की एकात जवळचा मुंजा, ते तुम्ही बघा. भूत मागे सरताना अडलं तर तेच, गारद. शिवाय त्याच्या अर्ध्या पट्टीत चकव्याची खोड चालत नाही.

रानफूल

चालेल. तीन फासे उचलणार, सांगून ठेवते.

वेंगुर्लेकर

पालखीचा बदल वाचून बरं वाटलं. आता पोरांसोबत मांडतो. आमच्याकडे किल्ल्याची चित्रं नाहीत, पण गणपतीच्या सजावटीतली नारळाच्या करवंटीची छोटी घरं आहेत, ती गाव म्हणून चालतात. झाडांना शेवग्याच्या सुकलेल्या फांद्या.

एक शंका. परवा धाकट्याने पालखी आपल्या भुतांवर येताना पाहिली आणि चकव्याला पालखीजवळ नेऊन म्हणाला, आता हिची चाल मी ठरवणार. नियमात 'शत्रूची चाल' असं लिहिलंय. पालखी शत्रू धरायची का?

कसबेकर

नाही. पालखी कुणाची शत्रू नाही, तेव्हा तिच्यावर कुणाचीच खोड लागत नाही, भगताचीही नाही. तिला वळवायचं तर फेरी संपल्यावरचा फासा जिंकायचा, दुसरा मार्ग नाही. पण चकवा पालखीजवळ नेण्याची धाकट्याची चाल हुशारीची आहे. तिथे उभा राहून तो पालखीच्या वाटेवर गावकऱ्यांना खेचून आणू शकतो. ते मात्र नियमात बसतं, त्याला सांगा.